कोल्हापूरचं गॅरेज, चेन्नईचा ट्रॅक आणि शनिवारी रात्रीचा हिशेब



‘खर्चाचे डबे वेगळे ठेवा’ या व्हिडिओत मी एका गॅरेजवाल्याचा ओझरता उल्लेख केला होता. कोल्हापुरात दुचाकीचं गॅरेज चालवतो आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नईला जाऊन मोटरसायकलची शर्यत खेळतो, असं बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, सर, हा माणूस खरा आहे का, आणि खरा असेल तर त्याला हे परवडतं कसं? माणूस खरा आहे. आपल्या कार्यशाळेला दोन वर्षांपूर्वी आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. नाव लिहू नका म्हणाला, कारण सासरे वाचतात. म्हणून या लेखात तो ‘आपला गॅरेजवाला’.

गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच्याबरोबर तीन दिवस मी ट्रॅकवर होतो. माझ्याकडे काम दिलं होतं स्टॉपवॉच धरायचं आणि पाण्याच्या बाटल्या भरायचं. बाकी वेळ मी बघत होतो. जे बघितलं ते व्हिडिओच्या दहा मिनिटांत बसणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी थोडी माहिती, कारण आपल्याकडे रेसिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हायवेवर रात्री गाडी उडवणारी पोरं येतात. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. भारतात मोटरसायकलच्या शर्यतीला लायसन्स लागतं. ते एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया देते. शर्यत भरते ती कायमस्वरूपी बांधलेल्या ट्रॅकवर, आणि असे ट्रॅक देशात मोजकेच आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी सुरू झालं, २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी झाली. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. हा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधला आणि १९९० मध्ये सुरू केला. क्लब त्याहून जुना, १९५३ चा. आधी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर व्हायच्या. म्हणजे क्लबच्या हौशी लोकांनी जवळजवळ चार दशकं उसन्या जागेवर काम चालवलं आणि मग स्वतःचा ट्रॅक केला. दुकान भाड्याने घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे जरा लक्षात ठेवावं.

ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. वळणांना तिथे सी-वन, सी-टू असंच म्हणतात.  कोल्हापूरला गो-कार्टचा ट्रॅक आहे, धुळीतल्या शर्यती आपल्याकडे होतात, पण डांबरी ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीची शर्यत खेळायची तर दक्षिणेला जावं लागतं. गंमत अशी की कोल्हापूरला शिये फाट्यावरून जो हायवे जातो तोच, एनएच ४८, बेळगाव-हुबळी-बंगळूर करत थेट इरुंगट्टुकोट्टईवरून पुढे चेन्नईला जातो. “रस्ता एकच हाय सर, फक्त नऊशे किलोमीटर लांब हाय,” असं आपला गॅरेजवाला म्हणतो.

पिकअपमध्ये काय काय गेलं

गाडी यामाहा आर१५, १५५ सीसी. कुणाची तरी अपघातात वाकलेली, कागदपत्रांसह स्वस्तात घेतलेली. शर्यतीची गाडी करताना तिचे हेडलाईट, आरसे, इंडिकेटर, स्टँड सगळं काढून टाकायचं असतं. काच आणि लटकणारी वस्तू ट्रॅकवर नको. इंजिन ऑइलच्या नटबोल्टला भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि पिळून बांधायची, म्हणजे नट ढिला झाला तरी गळून पडणार नाही. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं नाही, साधं पाणी घालायचं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो. म्हणजे ही गाडी आता रस्त्यावर चालवता येत नाही, ती पिकअपमध्ये घालूनच न्यावी लागते. पिकअप मेहुण्याची, ड्रायव्हरही मेहुणाच.

पडल्यावर इंजिन वाचवणारे प्लास्टिकचे गोळे, ज्याला क्रॅश प्रोटेक्टर म्हणतात, ते उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने करून दिले. पैसे घेतले नाहीत, त्याबदल्यात फेअरिंगवर त्याच्या वर्कशॉपचं नाव. दुसरा स्पॉन्सर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका खाणावळीचा मालक, त्याने ५,००० रुपये रोख दिले. तिसरा एक हेल्मेटविक्रेता.

इथे जरा थांबतो, कारण स्पॉन्सरबद्दल मला नेहमी विचारतात. लहान स्पॉन्सर मिळवणं अवघड नाही, तो दुसऱ्यांदा मिळवणं अवघड असतं. आपला गॅरेजवाला प्रत्येक शर्यतीच्या संध्याकाळी तिघांनाही त्यांचं नाव स्पष्ट दिसेल असा एक फोटो आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो. हरला तरी पाठवतो, पडला तरी पाठवतो. घरी आल्यावर एका पानाचा रिपोर्ट, किती लोकांनी बघितलं, कुणी विचारणा केली. खाणावळीच्या मालकाने तो कागद गल्ल्यामागे चिकटवलाय. हे काम तो माणूस रात्री अकराला, अंग ठणकत असताना करतो. तुमच्यापैकी किती जण देणगीदाराला, गुंतवणूकदाराला किंवा उधार देणाऱ्या पुरवठादाराला न मागता असा कागद पाठवतात?

पैशाचं सांगतो. त्याचं रेसिंगचं बँक खातं वेगळं आहे. वर्षाच्या सुरुवातीला गॅरेजच्या मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्यातून एक ठरावीक रक्कम त्या खात्यात जाते, त्यात स्पॉन्सरचे पैसे पडतात, आणि ते संपलं की त्या वर्षीची शर्यत संपली. गॅरेजच्या खात्यातून उसनवारी नाही. ही अट त्याने स्वतःच्या हाताने डायरीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे आणि खाली सही वहिनींची आहे. साक्षीदार म्हणून नव्हे, मंजुरी देणारा अधिकारी म्हणून!

या वीकेंडसाठी डबा होता ४८,००० रुपयांचा. त्यात पिकअपचं डिझेल आणि टोल येऊन-जाऊन साडेअठरा हजार, एन्ट्री फी, टायर, पेट्रोल, लॉजची एक खोली, तिघांचं जेवण. पडझडीसाठी म्हणून वेगळे काढलेले ४,०००, पण त्यातले १,९५० येताना चित्रदुर्गच्या अलीकडे पिकअपच्या पंक्चरमध्ये आणि नव्या ट्यूबमध्ये गेले. राहिले २,०५०. हा आकडा लक्षात ठेवा.

शुक्रवार

पहिलं काम कागदपत्रं, दुसरं स्क्रूटिनी. तपासनीस येतात, तारा बघतात, ब्रेक दाबून बघतात, थ्रॉटल सोडल्यावर फटकन मागे येतो का बघतात. माणसाचीही तपासणी होते. हेल्मेट, एकसंध लेदर सूट, पाठीचा कणा वाचवणारं बॅक प्रोटेक्टर, हातमोजे, बूट. एकही गोष्ट कमी असेल तर ट्रॅकवर पाऊल नाही. आपल्या शेजारच्या पिटमधला एक मुलगा साखळीच्या गार्डवरून वाद घालत होता. तपासनिसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गाडीकडे गेला. मुलगा अर्धा तास वाद घालत होता, काम दहा मिनिटांचं होतं. फूड लायसन्सच्या, जीएसटीच्या बाबतीत हेच चित्र मी दर महिन्याला बघतो.

मग ब्रीफिंग, त्यात झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर केशरी गोल आणि शेजारी तुमचा नंबर, म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, तुम्हाला कळत नसेल पण बाहेरून आम्हाला दिसतोय, आत या. हा शेवटचा झेंडा मला फार आवडला. आपल्या धंद्यातही हा झेंडा दाखवणारे असतात. बायको असते, सीए असतो, जुना गिऱ्हाईक असतो. आपण हात हलवून पुढे जातो.

ब्रीफिंगला सगळे गंभीर होते आणि त्याला कारण आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर शर्यतीत पडून १३ वर्षांचा एक मुलगा गेला. खूप गुणी मुलगा होता. सगळे नियम पाळून, सगळी साधनं घालूनही हे होऊ शकतं. मी हा लेख ‘धाडस करा मित्रांनो’ म्हणून लिहीत नाहीये, हे इथेच स्पष्ट करतो. आणखी एक. रस्त्यावरच्या गाडीची नेहमीची विमा पॉलिसी शर्यतीला लागू होत नाही, पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं. अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींतही असे खेळ वगळलेले असतात. आणि आपल्या गॅरेजवाल्याच्या धंद्यात सगळ्यात महागडं मशीन कोणतं? त्याचे दोन हात. हाताखाली एक पोरगा आहे, तो पंक्चर, ऑइल, साखळी करतो. इंजिन उघडायचं तर मालकच लागतो. मनगट मोडलं तर दोन महिने शटर अर्धं.

सरावात त्याची वेळ आली २ मिनिटं १५.८ सेकंद. त्याच्या गटातले, म्हणजे १६५ सीसीपर्यंतच्या नोव्हिस गटातले पुढचे मुलगे सात-आठ सेकंद वेगवान. ती मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, वजनाने हलकी. आपला गडी चौतीस वर्षांचा, ७६ किलोचा. त्याला हे माहीत आहे. “सर, मी त्यांच्याशी खेळतच न्हाई. मी माझ्या कालच्या कागदाशी खेळतो.” कागद म्हणजे टायमिंगचा प्रिंटआऊट. प्रत्येक लॅपची वेळ त्यात छापून येते. सगळे कागद तो तारखेनुसार फाईलला लावतो.

त्या कागदावरून त्याने मला एक गोष्ट समजावली, ती मी आता प्रत्येक बॅचला सांगतो. लहान इंजिनाच्या गाडीत ताकद कमी असते, त्यामुळे वळणात गमावलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो. वळणातून बाहेर पडताना पाच किलोमीटरने हळू निघालात, तर पुढची पूर्ण सरळ पट्टी तुम्ही ते पाच किलोमीटर कमीनेच फेडत राहता. मोठ्या इंजिनवाला थ्रॉटल पिळून भरून काढतो. भांडवल कमी असलेल्या माणसाचं असंच असतं. मोठ्या कंपनीचा एक महिना वाया गेला तर ती जाहिरातीवर पैसे ओतून भरून काढते. आपला एक महिना गेला की त्याचं ओझं दिवाळीपर्यंत.

शनिवार

सकाळी क्वालिफाइंग. २ मिनिटं १३.८. सत्तावीस जणांत एकोणिसावा. खूश होता.

दुपारी पहिली शर्यत, सहा लॅपची. चेन्नईचा सप्टेंबर म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको, लेदर सूटच्या आत माणूस उकडून निघतो. वॉर्म-अप लॅप झाली, गाड्या आपापल्या जागेवर उभ्या राहिल्या, लाल दिवे लागले, विझले, आणि सत्तावीस गाड्यांचा आवाज एकदम सुटला. त्याची सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या लॅपला सतरावा, तिसऱ्याला पंधरावा. लहान गाड्यांच्या शर्यतीत सरळ पट्टीवर पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा त्याच्या अंगावर जातो, आपल्याला कमी लागतो आणि आपण जरा जास्त वेगाने ओढले जातो. तो चार जणांच्या घोळक्यात होता आणि या ओढीचा पुरेपूर फायदा घेत होता. मेहुणा पिटच्या भिंतीवर चढून “दाजी! दाजी!” ओरडत होता. ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

चौथ्या लॅपला चार जण गेले त्यातले तीनच आले.

लांबवर पिवळे झेंडे हललेले दिसले. मेहुण्याचं ओरडणं बंद झालं. मी घड्याळ हातात धरून उभा होतो आणि ते उगाच पळत होतं. तीन-चार मिनिटं काहीच कळलं नाही. मग एका मार्शलने वायरलेसवर ऐकून आमच्याकडे बघून अंगठा वर केला, रायडर उभा आहे.

वळणात पुढचं चाक सुटलं होतं. गाडी आणि माणूस दोघंही आडवे होऊन घसरत बाहेर गेले. लेदरचा खांदा घासून पांढरा पडला होता. डॉक्टरांनी तपासलं, बोटं हलवून बघितली, डोक्याला मार नाही याची खात्री केली. डावं मनगट सुजलं होतं पण मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी परत दाखवा, मग रविवारचं ठरवू.

वहिनींचा फोन आला. त्याने उचलला आणि पहिलं वाक्य, “पडलो. लागलं न्हाई. सरांशी बोल.” फोन माझ्या हातात. वहिनींनी मला एकच प्रश्न विचारला, “सर, हात कुठला?” डावा म्हटल्यावर म्हणाल्या, “सोमवारी बँकेच्या माणसाच्या बुलेटचं इंजिन उघडायचंय, तारीख दिलीय.” बस. रडणं नाही, ओरडणं नाही. धंद्यात भागीदार कसा असावा हे मला तेव्हा नीट दिसलं.

रात्र

गाडी आली ती मार्शलच्या गाडीतून. उद्यमनगरच्या गोळ्यांनी काम चोख केलं होतं, इंजिनला ओरखडा नव्हता, रेडिएटर शाबूत. पण डावा क्लिप-ऑन, म्हणजे हँडलचा दांडा, वाकला होता. क्लच लिव्हर तुटला, डावा फूटरेस्ट गेला, फेअरिंग फाटलं. फेअरिंगला टेप लावता येतो, बाकीच्याला नाही.

शिल्लक किती? ११,३००. त्यातून परतीचं डिझेल-टोल ९,२५०. उरले २,०५०.

गॅरेजच्या खात्यात त्या क्षणी ८३,००० रुपये होते. फोनमध्ये दिसत होते. एका स्कॅनचं काम. मेहुणा म्हणालाही, “दाजी, चार-पाच हजाराचा तर प्रश्न आहे, सोमवारी परत टाकू.” तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. नऊशे किलोमीटर आलात, वर्षभर वाट बघितलीत, उद्या दुसरी शर्यत आहे आणि अडकलंय चार-पाच हजारांवर.

त्याने फोन खिशात ठेवला. म्हणाला, “त्यातले एकतीस हजार स्पेअरवाल्याचे हाईत. पोराचा पगार हाय. राह्यलेलं बुलेटचं सामान आणायचं. माझं त्यात काय न्हाई.”

मित्रांनो, कॅश फ्लोवर मी चार व्हिडिओ केलेत. चारही व्हिडिओ या चार वाक्यांत आहेत. खात्यात दिसणारा आकडा आणि आपला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला लोकांना दहा-दहा वर्षं लागतात, काहींना धंदा बुडेपर्यंत कळत नाही.

मग तो उठला आणि पॅडॉकमध्ये फिरायला गेला. पॅडॉक म्हणजे पिटच्या मागचं मोकळं आवार, जिथे सगळ्यांचे तंबू, गाड्या, टूल्स. तिथलं एक चांगलं आहे, दिवसभर एकमेकांना कापणारी माणसं संध्याकाळी एकमेकांना पाना देतात. कोइम्बतूरच्या एका मुलाकडे जास्तीचा क्लिप-ऑन होता. तो द्यायला तयार झाला, पण त्याच्या स्वतःच्या गाडीच्या पुढच्या शॉकमधून तेल गळत होतं. ऑइल सील गेलं होतं. त्याचा मेकॅनिक शुक्रवारीच परत गेलेला.

आपल्या गॅरेजवाल्याच्या पेटीत सीलची जोडी होती. रोजचं काम त्याचं! दोन भाषा, दोघांची मोडकी हिंदी. डाव्या हाताला क्रेप बँडेज, मेहुणा हातात बॅटरी धरून. सील बसवायला बाजारात महागडं टूल मिळतं, याच्याकडे पीव्हीसी पाइपचा कापलेला तुकडा होता, कडा घासून गुळगुळीत केलेला. सील त्या पाइपने टक टक टक करून सरळ बसलं. तासाभरात काम झालं आणि क्लिप-ऑन आपल्या गाडीला लागला.

हे चार जणांनी बघितलं.

पुढच्या दोन तासांत तीन लोक आले. पहिल्याचा ब्रेक स्पंजसारखा झाला होता, दाबला की आत जायचा. गरम होऊन ब्रेक ऑइल उकळलं होतं आणि लाइनमध्ये हवा शिरली होती. निपलला पारदर्शक नळी लावून, बुडबुडे निघेपर्यंत दाब-सोड केली, नवीन ऑइल भरलं. वीस मिनिटं. तो मुलगा खिशात हात घालायला लागला तर हा म्हणतो, “राहू दे, चहा पाज.”

इथे मी त्याला बाजूला घेतलं. पहिलं काम अदलाबदल होतं, ठीक. हे दुसरं का फुकट? तो म्हणाला, “सर, सगळे खेळाडू हाईत, पैसे कसं मागायचं?” माझं उत्तर तुम्हालाही सांगतो, कारण ‘ओळखीच्यांकडून पैसे कसे मागू’ हा प्रश्न मला आठवड्याला पाच वेळा येतो. मी म्हटलं, तुझ्या खिशात २,०५० आहेत. हे लोक इथे लाखांच्या गाड्या, महागडे टायर घेऊन आलेत. त्यांना मेकॅनिक हवाय, रात्री नऊला, इथे, आत्ता. त्या ‘आत्ता’ची किंमत कोल्हापुरातल्या मंगळवार दुपारच्या किमतीपेक्षा जास्त आहे. पैसे सांगितलेस तर त्यांना उलट बरं वाटेल, उद्या पुन्हा बोलावता येईल. फुकट करून घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावताना संकोच होतो.

त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण तिसरा माणूस हैदराबादचा होता, त्याला मागचं स्प्रॉकेट बदलून साखळी सरळ करून हवी होती. आपल्या गड्याने जरा घसा खाकरून “आठशे” म्हटलं. समोरच्याने “ओके भाई” म्हणून लगेच पाठवले. इतक्या लगेच की आपला गडी माझ्याकडे बघायला लागला. चौथ्याचं पुन्हा शॉकचं सील होतं, त्याला पंधराशे सांगितले. तेही मिळाले.

२,३०० रुपये. त्यात लिव्हर आला, एका टीमकडून वापरलेला फूटरेस्ट आला आणि उद्याचं पेट्रोल. राखीव २,०५० ला हातही लागला नाही. साडेदहाला त्याने तिन्ही स्पॉन्सरना फोटो पाठवले. फाटलेल्या फेअरिंगचा, त्यावर लेथवाल्याचं नाव जसंच्या तसं. खाली लिहिलं, ‘गोळ्यांनी इंजिन वाचवलं.’ त्या फोटोवरून लेथवाल्याला पुढे क्रॅश प्रोटेक्टरच्या अकरा जोड्यांची ऑर्डर मिळाली, हे मला नंतर कळलं.

रविवार

सकाळी डॉक्टरांनी मनगट दाबून, फिरवून बघितलं आणि परवानगी दिली. मी त्याला विचारलं, खेळायलाच हवं का? बुलेटचं इंजिन आहे उद्या. त्याने थोडा वेळ क्लच दाबून-सोडून बघितला. म्हणाला, “मागनं सुरुवात करतो, मागंच ऱ्हातो. फक्त कागद पायजे. पडायचं न्हाई.”

मागच्या रांगेतून सुटला. कालच्यासारखा घोळक्यात घुसला नाही. पहिल्या दोन लॅप एकटाच, पुढच्यापासून अंतर राखून. स्टॉपवॉच माझ्याकडे होतं म्हणून सांगतो, लॅपमागून लॅप जवळजवळ सारख्या होत्या, २:१४.१, २:१३.९, २:१४.०. मग पुढचे लोक आपसातल्या भांडणात हळू व्हायला लागले. एक पडला, एकाची साखळी उतरली, दोघं वळणात रुंद गेले. पाचव्या लॅपला याची वेळ आली २:१२.६. आयुष्यातली सर्वांत चांगली. कोणाला कापायचं म्हणून धडपड न करता!

सोळावा आला. पहिला आलेला मुलगा त्याच्या जवळजवळ चाळीस सेकंद आधी पोहोचला होता आणि आपला गडी पिटमध्ये शिरेपर्यंत त्याचे कपभर फोटो काढून झाले होते. सोळाव्याला कप नसतो. शॉकचं सील बदललेला कोइम्बतूरचा मुलगा सहावा आला आणि धावत येऊन याला मिठी मारून गेला.

गाडी पिकअपमध्ये बांधत असताना बंगळूरच्या एका छोट्या टीमचा मॅनेजर आला. चार मुलं, चार गाड्या सांभाळतो. रात्रीचं काम त्याने पाहिलं होतं. म्हणाला, पुढच्या राउंडला आमच्या गाड्या बघशील का, तीन दिवसांचे किती घेशील? आपल्या गॅरेजवाल्याने लगेच आकडा सांगितला नाही, हे मला विशेष आवडलं. म्हणाला, दोन दिवसांत कळवतो. परतीच्या प्रवासात कृष्णगिरीपासून तुमकूरपर्यंत आम्ही तोच हिशेब करत होतो. तीन दिवस गॅरेज बंद राहिलं तर बुडणारं उत्पन्न, पोराला एकट्याने काय जमेल, प्रवास कोणाचा, सुटे भाग कोणाचे, गाडी पडून इंजिन फुटलं तर जबाबदारी कोणाची, पैसे आधी किती, नंतर किती. हे सगळं एका कागदावर लिहून मग आकडा. आलेला आकडा प्रवास-जेवण वगळून २१,००० होता. मॅनेजरने अठरावर आणायचा प्रयत्न केला. याने आकडा तोच ठेवला आणि त्यात शुक्रवारी सगळ्या गाड्यांच्या तारा बांधून स्क्रूटिनी पास करून द्यायचं काम वाढवून दिलं. ठरलं.

सोमवारी दुपारी बुलेटचं इंजिन उघडलं, तारखेप्रमाणे. डाव्या हाताला जड उचलायचं काम पोराने केलं.

डायरीत ‘रेस’ या डब्याशेजारी आता एक नवीन रकाना आहे, ‘रेसमधून आलेले’. पहिल्या ओळीत ८००, दुसऱ्या ओळीत १,५००. ब्रेकवाल्याच्या चहाची नोंदसुद्धा त्याने केली आहे, किंमत शून्य. पुढच्या राउंडला पिकअपमध्ये टूल्सच्या दोन पेट्या, सीलच्या दहा जोड्या आणि पीव्हीसीचे तीन मापांचे पाइप जाणार हे नक्की आहे. चार गाड्या सांभाळून स्वतःची पाचवी न्यायची की नाही, यावर घरी चर्चा चालू आहे. वहिनींनी डायरीच्या त्या पानावर अजून सही केलेली नाही.